बिरू, त्या दिव्याखालचा रंग

बिरू, तुझ्या मातीला मी लाज सोडून रडलो होतो. ते रडणं आता परत घ्यावंसं वाटतंय.

कृष्णाघाटावर मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. मिरजेच्या मोटर स्टँडवरची आपली सगळी माणसं आली होती. रामू ड्रायव्हर माझ्याजवळ सरकला, तंबाखूची चंची पुढे केली आणि म्हणाला, "सुदाम, कराडात अजून वायरिंगच करतोस व्हय रं?" वरवर साधी चौकशी, पण बाजूचे दोघं लगेच जमिनीकडे बघायला लागले. इतक्या वर्षांनी, तुझी माती चालू असताना, माझ्या नावाला लागलेला तो डाग कुणी विसरलेलं नव्हतं. मी तंबाखू न घेता चंची परत केली. म्हटलं, आपला बिरू गेला, आता नावाचं काय घेऊन बसायचं.

दहाव्याला मी आलो नाही. बाराव्या दिवशी तुझा धाकटा भाऊ मायाप्पा एस.टी.ने कराडला आला आणि दारातच उभा राहून सांगायला लागला. घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मायाप्पाने तुझ्या पोरीचं लग्न थाटात लावायचा शब्द दिला, गावाकडच्या विहिरीचं काम पुरं करायचा दिला. कावळे लांब बसून बघत राहिले. मग तुझी बायको, आमची सोनावहिनी, पुढे झाली आणि मोठ्याने म्हणाली, "गाडीचा मागला दिवा सुदामभावजींच्याच हातनं लावून घेते." म्हणे शब्द संपायच्या आत कावळा उतरला.

माझा कावळ्यावर विश्वास नाही हे तुला माहीत आहे. भात मांडलेला असला की तो आज ना उद्या खाली येतोच. पण वहिनीने सगळ्या भावकीपुढे माझं नाव का घ्यावं, हे मला कळेना. मायाप्पा म्हणाला, "आवं, चला. वहिनी वाट बघत्यात." मी पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड आणि तपासणीचा दिवा टाकला आणि निघालो. वाटेत मला वाटत होतं, मरताना का होईना, बिरूला माझी आठवण झाली. बघ कसा खुळा मी.

गाडी तुझ्या गॅरेजच्या शेडमागे चिंचेखाली उभी होती. तीच ती, आपल्या गिऱ्हाईक डॉक्टरांची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची विलायती मोटर, लाकडी फळ्यांची जमीन, बाजूला पाय ठेवायला लांब फुटबोर्ड, कापडी वेष्टणाच्या वायरी आणि मागे, नंबराच्या पाटीशेजारी, लोखंडी पट्टीवर बसवलेला ब्रेकचा एकुलता एक दिवा. त्या दिव्याने मला मिरजेतून उठवलं.

आता सगळं तुला पुन्हा सांगतो. तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीस.

फौजेच्या वर्कशॉपमधून विजेचं काम शिकून मी परत आलो तेव्हा मिरजेत कुणी मला गॅरेजात उभं करत नव्हतं. दीक्षा घेऊन आम्ही बौद्ध झालो होतो, पण लोकांच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. एकाने तर माझं काम बघितलं, वाखाणलं आणि पाणी मात्र वरून ओतलं. तू जतकडच्या कोरड्या मुलखातला, मेंढरं राखता राखता ट्रकवर चढलेला आणि ट्रकवरून उतरून गॅरेज काढलेला. तू पहिल्याच दिवशी माझा डबा ओढून घेतलास, भाकरीचा तुकडा मोडलास आणि तोंडात घास धरूनच म्हणालास, "लय तिखट खाता रं तुमी. उद्यापासनं मला बी आन." त्या एका घासावर मी तुझ्यापाशी कितीतरी वर्षं राहिलो. ते मी आजही नाकारत नाही. तुझ्यावर एवढा राग येतो तो त्या घासामुळेच येतो.

भांडण आपलं एकाच गोष्टीवरून व्हायचं, दरवर्षी, खंडेनवमीला. सगळी हत्यारं धुऊन तू पाटावर मांडायचास, हळदकुंकू, वर झेंडू. दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत पाट हलवायचा नाही, पान्याला हात लावायचा नाही. दीक्षा घेतल्यामुळे पहिल्याच वर्षी मी माझी हत्यारं त्या पाटावरून काढून घेतली. तू म्हणालास, "गड्या, जे पोटाला घालतं त्याच्या पाया पडलं तर तुझं काय बिघडतंय?" मी म्हणालो, "मी पुसतो, तेल लावतो, जागच्या जागी ठेवतो. हत्याराला आणखी काय पाहिजे?" तू हसलास आणि म्हणालास, "व्हय बाबा, तुझी तुझ्यापाशी ठेव." पण त्यानंतर नवमीला कुणाची अडलेली गाडी आली की तू गिऱ्हाइकाला खुशाल सांगायचास, "आमच्यात आज चालत न्हाई, सुदाम करंल." माझ्या नास्तिकपणाचा तुझ्या गॅरेजला चांगला उपयोग होता.

चीनच्या लढाईनंतरच्या त्या नवमीलाही तसंच झालं. डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी आईला घेऊन देवाला जायचं होतं. ब्रेकचा दिवा कधी लागायचा, कधी नाही. तुझी हत्यारं पाटावर, म्हणून काम माझ्याकडे. मी वायर बदलली, पेडलखालच्या स्विचची सैल झालेली स्प्रिंग बदलली आणि पट्टी गंजली होती ती कानशीने घासून पांढरी केली. तुला मी शंभरदा सांगितलं होतं, बॅटरीतून वीज वायरीने दिव्यापर्यंत जाते आणि परत येते ती गाडीच्या लोखंडातूनच. दिवा उघड्या लोखंडावर टेकला पाहिजे, मध्ये काही आलं की अर्थिंग गेलं आणि दिवाही गेला. मग मी मागे उभा राहिलो आणि तू सीटवर बसून पाय दिलास. ब्रेकचा दिवा एकट्या माणसाला तपासता येत नाही, एकाने दाबायचं आणि दुसऱ्याने बघायचं. मी ओरडलो, "लागला!" तू पुन्हा दाबलास, मी पुन्हा ओरडलो. मग हात धुऊन मी घरी गेलो.

दसऱ्याच्या दिवशी आष्ट्याच्या अलीकडे बैलगाड्या आडव्या आल्या म्हणून डॉक्टरांनी ब्रेक मारला आणि मागून ट्रक येऊन धडकला. डॉक्टरांच्या आईचा हात मोडला, तो नीट बसलाच नाही. ट्रकवाला शपथेवर सांगत होता की मागे दिवा लागलाच नाही. पेडल दाबून बघितलं, खरंच लागत नव्हता. स्टँडवर संध्याकाळपर्यंत एकच बोलणं. खंडेनवमीला हत्यार चालवलं, पूजा न केलेलं हत्यार, आणि तेही कुणी चालवलं! तू तिथेच होतास. सगळे तुझ्याकडे बघत होते. तू एवढंच म्हणालास, "वायरिंग त्यानं केलंय."

खोटं काही बोलला नाहीस. वायरिंग मीच केलं होतं.

मी म्हटलं, मला गाडी बघू दे, मी दोष शोधून काढतो. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला नेलंस आणि म्हणालास, "गड्या, लोक तापल्यात. तू लांब ऱ्हा. मी बघतो." मला वाटलं, तू मला सांभाळतो आहेस. त्या हाताच्या भरवशावर मी गाडीकडे फिरकलो नाही. पुढे दिव्याचं काम असलं की गिऱ्हाईक तुला हळूच सांगायचं, त्याला हात लावू देऊ नका. दिव्याचं काम सोडून मला दुसरं येत काय होतं? मी कराडला गेलो आणि एका साखर कारखान्याच्या ट्रकांमध्ये डोकं घातलं. तिथे माझ्या मागे कुणी बोलत नव्हतं, कारण कुणी ओळखत नव्हतं. डॉक्टरांना ती मोटर डोळ्यासमोर नको होती. ती त्यांनी तुझ्याकडेच सोडून दिली.

तर परवा मी त्या गाडीपाशी बसलो. मायाप्पाने बॅटरी भरून आणली होती. वहिनी पदर सावरत ड्रायव्हरच्या सीटवर चढली आणि मी सांगेन तेव्हा पाय देत राहिली. पहिल्यांदा बल्ब काढून बॅटरीला लावून बघितला, चांगला होता. मग फळी उचलून स्विच तपासला. माझीच स्प्रिंग, अजून ताठ. त्याच्या पुढच्या टोकाला वीज येत होती. माझीच वायर, कुठे सोललेली नाही, थेट दिव्यापर्यंत वीज पोचवत होती. बल्ब चांगला, वीज येते आणि तरी दिवा लागत नाही. मी एका तारेचं टोक दिव्याच्या टोपणाला आणि दुसरं खाली चासीच्या लोखंडाला टेकवलं. दिवा लख्ख लागला.

म्हणजे अर्थिंग. मला आधी माझाच संशय आला. पट्टी घासायची राहिली असेल का, हे मी कराडला कितीतरी वेळा मनात घोकलं होतं. मी नट सोडला आणि दिवा उचलला.

खाली डाळिंबी रंग होता, बिरू. जाड, दोन हात दिलेला, भोकाच्या आतल्या कडेपर्यंत. आणि रंगावर सायकलच्या ट्यूबचं गोल कापलेलं रबर. नटाखालीही तसंच रबर. मिरजेत रबर घालणारा दुसरा माणूस कोण? गाडीतली जरा कुठे खडखड झाली की तू ट्यूब कापायला बसायचास. मी थट्टा करायचो, बिरूच्या हातात दिलं तर तो देवळातल्या घंटेलाही रबर लावील. मी पांढरी केलेली पट्टी तुला दसऱ्याच्या गाडीवर ओकीबोकी वाटली असणार. मी घरी गेल्यावर तू दिवा काढलास, पट्टी रंगवलीस, ओल्या रंगाला दिवा चिकटू नये म्हणून खाली-वर रबर घातलंस आणि घट्ट आवळून टाकलंस.

मी ते रबर हातात धरून बसून राहिलो. वहिनी खाली उतरली. मी विचारायच्या आत तिनेच सांगायला सुरुवात केली.

"तिसऱ्या पारी पाटावरचा पाना उचलला त्यांनी. मी म्हनलं, आवं, पूजा मोडली. तर म्हनलं, गप. काम झाल्यावर पुसून परत ठिवला, वर झेंडू टाकला. मला बिरोबाची आन घातली, कुनाला सांगू नगं म्हून."

"आणि दिवा तपासला नाही?"

"कुनाला बोलावनार? मागं बघाय मानूस लागतंय न्हवं? तुमाला बोलावलं असतं तर तुमी पाना बघितला असता."

बिरू, मी तुला शिव्या देण्यासाठी तोंड उघडलं आणि वहिनी समोर होती म्हणून मिटलं.

"त्यांना माहीत होतं, दिवा का लागला नाही ते?"

"त्याच सांच्याला वळखलं त्यांनी. जेवलं न्हाई. लय भ्यालं हुतं. भावकीला कळलं, पूजेतलं हत्यार उचललं आन म्हातारीचा हात मोडला, तर बिरोबाच्या देवळात उभं क्येलं नसतं कुनी."

"मग माझ्यावर जाऊ दिलं."

ती फुटबोर्डावर बसली. मग म्हणाली, "भावजी, खरं सांगते. ते म्हनायचं, सुदाम देव मानत न्हाई, त्याचं काय जातंय."

माझं काय जातंय! तुझ्या देवळाची पायरी शाबूत राहिली आणि माझी रोजीरोटी, माझ्या हाताचा विश्वास, मिरजेतली माझी मान, हे सगळं काहीच नव्हतं? इतरांनी म्हटलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. त्यांच्याकडून मी दुसरं काय अपेक्षिलं होतं? पण माझा डबा ओढून घेणारा तू. जात बघून पाणी वरून ओतणाऱ्यापेक्षा तू मला जास्त लागलास, कारण त्याच्यावर मी कधी विसंबलो नव्हतो.

आणि एकदा तू कराडला आला होतास, आठवतं? ते तर मला आता हसूही येऊ देत नाही आणि रडूही. माझ्या खोलीत बसून चहा बशीत ओतलास आणि म्हणालास, "परत ये गड्या. लोक इसरलं आता." मी विचारलं, "काय विसरले? माझी चूक?" तू बशीकडे बघत म्हणालास, "झालं ग्येलं. मानसाच्या हातनं हुतं." बिरू, तू मला माफ करायला आला होतास! आणि मी खुळ्याने तुझे हात धरले, म्हणालो, तू तरी माझ्या बाजूचा आहेस. तेव्हा तुझ्या घशाखाली तो चहा उतरला कसा?

वहिनी म्हणत होती, नंतर तू त्या गाडीने गावाकडे जायचास तर खिडकीतून हात बाहेर काढून मागच्याला थांबायची खूण करायचास. तिने कितीदा म्हटलं, सुदामला बोलवा, दिवा करून देईल. "त्याला सोडून कुनालाबी बोलीव," असं म्हणायचास आणि दुसऱ्यालाही बोलवायचा नाहीस. रबर काढून पट्टीवर कानस एकदा फिरवली असतीस तर दिवाही लागला असता आणि पुरावाही गेला असता. तू ते केलं नाहीस. वहिनीला वाटतं, तू ते माझ्यासाठी तसंच ठेवलंस. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, त्या दिव्याला हात लावायची तुझी छाती झाली नाही. पण मेलेल्या माणसाला विचारायची सोय नसते, आणि हे तू माझ्याकडून कायमचं काढून घेतलंस याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

मी पट्टी घासली. रबर काढून टाकलं. दिवा बसवला, वहिनीने पाय दिला, दिवा लागला. माझ्या तोंडातून 'लागला' निघालं नाही. मी नुसता हात वर केला.

निघताना मी वहिनीला स्पष्ट सांगितलं, "तेराव्याला स्टँडवरचे सगळे येतील. मी हे सगळ्यांपुढे सांगणार. मी आता गप्प बसणार नाही." मला वाटलं ती रडेल, हात जोडेल, मेलेल्या माणसाची अब्रू झाकायला सांगेल. ती म्हणाली, "तुमी न्हाई. तुमी सांगितलं तर म्हनतील, बोलाय त्यो हाय का, म्हून घालतोय त्याच्यावर. मी सांगते." तुझ्यापेक्षा तिला माणसं जास्त कळतात, बिरू. माझं खरंही माझ्या तोंडून खोटं ठरलं असतं.

काल तुझं तेरावं झालं. पंगत बसली होती, पत्रावळी मांडल्या होत्या. डॉक्टरही येऊन खुर्चीवर टेकले होते. वहिनी आतून आली, उंबऱ्याच्या बाहेर पुरुषांत उभी राहिली आणि सगळं सांगितलं. पाटावरचा पाना, रंग, रबर, बिरोबाची आण, स्वतःचं गप्प राहणंसुद्धा. तिने एकही गोष्ट गाळली नाही. मायाप्पा "वहिनी, आत चला" म्हणून उठला, तर त्याला तिने हाताने खाली बसवलं. रामू ड्रायव्हरने विचारलं, "मग तवा का न्हाई बोलला?" ती म्हणाली, "भ्यालो आमी. दुसरं काय."

कुणीतरी वाढायला घ्या म्हणालं. जेवणं झाली. डॉक्टर हात धुऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "आईला सांगायला हवं." रामूने जाता जाता, माझ्याकडे न बघता, विचारलं, "माझ्या ट्रकचा डायनामो कवा बघतोस?" मी सोमवारी येतो म्हणालो.

म्हणजे मला जे हवं होतं ते झालं. लोकांना कळलं. मला वाटलं होतं, त्या क्षणी छाती हलकी होईल. झाली नाही. जी गोष्ट तुला इतक्या वर्षांत झेपली नाही, ती तुझी बायको तेरा दिवसांचं दुःख अंगावर घेऊन करत होती, आणि मी पत्रावळीपुढे मान खाली घालून बसलो होतो. ते तुझ्या तोंडून यायला हवं होतं, बिरू. भर स्टँडवर नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. मला एकट्याला, हळू आवाजात सांगितलं असतंस, तरी मी तो डाग तुझ्यासाठी वागवला असता. खरंच वागवला असता. तू विचारलंसच नाहीस.

मी निघालो तेव्हा वहिनी फाटकापर्यंत आली. म्हणाली, "भावजी, त्यास्नी माफ क्येलं का?"

मी म्हणालो, "नाही."

"नका करू," ती म्हणाली. "पर येत जावा."

सोमवारी मी मिरजेला जाणार आहे. डायनामोचं काम झालं की तिच्या दारात जाऊन येईन. तुझ्यासाठी नाही.